काकूंच्या घटातल्या माश्या

आधीच सांगतो, मी लेखक नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेचे पेपर सोडले तर सलग दोन पानांच्या वर मी आजवर काही लिहिलेलं नाही. त्यात विषय असा, की त्यावर मोठमोठे अभ्यासक सगळं आयुष्य घालवतात. मी त्यावर बोलणं म्हणजे आगाऊपणाच आहे, तो वाचणाऱ्यानं पोटात घालावा. पण माझ्या बाबतीत हा विषय पुस्तकात सुरू झाला आणि पुढचं सगळं आमच्या अंगणात घडलं. अंगणातलं सांगायला मला तितका संकोच वाटत नाही.

आमचं गाव भूम तालुक्यात, ईट या गावच्या बाजाराला जाणारं. वडील शेळ्या राखतात आणि थोडी कोरडवाहू जमीन करतात. अंगण एक, त्यात घरं दोन. एक आमचं, एक काकांचं. आजोबा गेल्यावर दोघं भाऊ वेगळे झाले. भांडण झालं असं नाही. काकांनी दुधाचा धंदा धरला. त्यांना अंधारातच उठावं लागायचं, त्यामुळं त्यांची चूल लवकर पेटायची आणि रात्रही लवकर व्हायची. आम्ही जेवायला बसायचो तेव्हा त्यांच्याकडचे दिवे मालवलेले असायचे. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही, तुळससुद्धा अजून एकच आहे. तरी हळूहळू त्यांच्या कालवणाची चव वेगळी झाली. काकू कर्नाटकच्या शिवेजवळच्या गावच्या, त्यामुळं त्यांच्या मुलांच्या बोलण्यात आम्हाला न कळणारे शब्द आले. सणावाराशिवाय एकमेकांच्या उंबऱ्याच्या आत पाऊल पडेनासं झालं. हे कधी झालं, ते कुणालाच सांगता येणार नाही.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी धाराशिवच्या कॉलेजात आमच्या मॅडम नव्या प्रजाती कशा तयार होतात ते शिकवत होत्या. मध्ये नदी आली, डोंगर आला, एकाच जातीचे प्राणी दोन्हीकडं अडकले, आणि पिढ्यानपिढ्या भेटच झाली नाही तर ते एकमेकांना परके होतात. शेवटी त्यांची जातच वेगळी होते. हे मला पटलं. मग मॅडम म्हणाल्या, की कधी कधी मध्ये काहीच नसतानाही असं होतं. एकाच रानात, एकाच ठिकाणी राहून. मी वर्गात सहसा हात वर करत नाही, त्या दिवशी केला.

"मॅडम, अडसरच नाही तर वेगळे कसे होतील? रोज भेटणारच ना?"

"भेटण्याची वेळच वेगळी झाली तर?" मॅडम म्हणाल्या.

त्यांनी परदेशातल्या एका फळमाशीचं उदाहरण दिलं. ती मूळची एका रानफळावरची. शेजारी सफरचंदाच्या बागा आल्या, तशा तिच्यातल्या काही सफरचंदावर गेल्या. दोन्ही फळं तयार होण्याची वेळ वेगळी, त्यामुळं दोन्हीकडच्या माश्या जमिनीतून बाहेर येण्याची वेळही वेगळी होत गेली. आणि या माश्यांचं जमतं ते फळावरच. ज्या फळात जन्म झाला, त्याच फळावर त्या जोडीदार शोधतात. झाडं शेजारी शेजारी असली तरी माश्या एकमेकींपासून लांब जाऊ लागल्या.

मला त्याच वेळी दोन गोष्टी आठवल्या. एक आमचं अंगण. दुसरी बोरं.

आमच्या बांधावर गावरान बोरीचं झाड आहे. वडील त्याचा पाला शेळ्यांना घालतात. आणि गाडीवाटेच्या पलीकडं बागवान चाचांची बाग आहे, त्यात लिंबाएवढी होणारी ॲपल बोरं. चाचा छाटणी करतात, ठिबकनं पाणी देतात, त्यामुळं त्यांची बोरं लवकर धरतात. आमच्याकडं तुळशीच्या लग्नाआधी बोर खायचं नाही असा नियम आहे. आधी तुळशीला दाखवायचं, मग तोंडात टाकायचं. तोवर बांधावरची बोरं हिरवी आणि मुगाएवढी असतात, त्यामुळं नियम पाळणं सोपं जातं. चाचांच्या बागेतली मात्र तेव्हा चांगली फुगलेली असतात. लहानपणी या नियमाचा खरा त्रास आम्हाला तिथंच व्हायचा.

दोन्हीकडच्या बोरांत अळी असते. ही अळी बोर पोखरून बाहेर पडते, जमिनीत शिरते, तिथं कोष करते आणि उन्हाळाभर पडून राहते. पुढच्या बोरांच्या सुमाराला त्या कोषातून माशी बाहेर येते. मला वाटलं, बागेतल्या माश्या लवकर बाहेर येत असतील आणि बांधावरच्या उशिरा, तर? मॅडमना विचारलं. त्यांनी माझ्याकडून वहीत बाग आणि बांध काढून घेतला. मग म्हणाल्या, "बघायला काय हरकत आहे?"

त्या हिवाळ्यात मी चाचांच्या बागेत किडकी बोरं वेचायला गेलो. चाचा कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"अरे, सारे अच्छे बोर छोडके सडे हुए चुनरा? लोगां देखे तो बोलेंगे, चाचा कॉलेजवाले पोट्टे कू किडके माल दिया."

"चाचा, मला अळ्याच पाहिजेत."

"अळ्या? तो पूरी बाग ले जा ना बाबा. दुआ देतूँ तेरे कू."

दोन घमेली घेतली. दोन्हींत आमच्याच वावरातली माती, एकसारखी चाळून भरली. एकात बागेतली किडकी बोरं ठेवली, दुसऱ्यात बांधावरची. वर मच्छरदाणीचं कापड बांधलं आणि चिकटपट्टीनं 'बाग' आणि 'बांध' असे लिहिलेले कागद लावले. कॉलेजात जागा नव्हती आणि माश्यांना घरचंच हवामान हवं होतं, म्हणून घमेली आमच्या मागच्या पडवीत राहिली. आई त्यांच्याभोवती झाडायची, पण हात लावायची नाही.

मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "दोन्हीकडच्या माश्या न मिसळता मिळाल्या तर मी त्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवते. त्यांना आवडलं तर तुला तिथं काम करायची संधी मिळेल. पण एकदा का मिसळल्या, की त्याचा काही उपयोग नाही. मग प्रकल्पाचा विषय बदलायचा. ग्रंथालयात बसून काहीतरी लिही, पास होशील."

पास होणं मला नको होतं असं नाही. पण घरात एम.एस्सी.नंतर काय, हा प्रश्न होताच. वडिलांनी माझ्यापुरता तो सोडवून ठेवला होता. "झालं तं बरं. न्हाय झालं तं शेळ्या हायेतच," असं ते म्हणायचे, आणि त्यात टोमणा नसायचा. त्यांना ते खरंच दिलासा देणारं वाटायचं.

नवरात्राच्या तोंडावर मी धाराशिवला होतो. घटस्थापनेच्या सकाळी एसटीनं गावी आलो. अंगणात शिरलो तर दोन्ही घमेली स्वच्छ धुऊन भिंतीला उन्हात उपडी टेकवलेली.

आई देवघरासमोर बसली होती. पत्रावळीवर मातीचं गोल आळं, मध्ये पाण्याचं मडकं, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. मातीत धान्य पेरून झालं होतं. तरवडाच्या पिवळ्या फुलांची पहिली माळ ती ओवत होती.

"आई, घमेल्यातली माती?"

"कसली गुणाची माती ठिवली व्हतीस रं! आपल्याच वावरातली, वर चाळल्याली. घटाला रानात जायाचीबी गरज पडली न्हाय."

"सगळी घेतलीस?"

"एक घमेलं मला, एक तुझ्या काकूला. म्हणलं, घे बाई, लेकरानं आयती चाळून ठिवलीय. वरची वाळकी बोरं तेवढी टाकून दिली."

"कुठलं घमेलं कुणाला?"

"आता घमेल्याला काय नाव असतंय का?"

"होतं, आई. कागद लावला होता."

"ते व्हय? ते धुताना निघालं."

मी उंबऱ्यावर बसलो. घटाला वावरातली माती लागते, ती चांगली निवडलेली असावी, हे आमच्याकडं लहान मुलालाही माहीत असतं. मी तशीच माती भरून पडवीत ठेवली होती. आईची चूक काढायला जागाच नव्हती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि माळ खाली ठेवली.

"काय व्हतं रं त्यात?"

"माश्या."

"माश्या?" तिनं घटाकडं बघितलं. "देवीच्या घटात?"

मग आम्ही दोघं घाबरून बसलो, मी माझ्या प्रकल्पासाठी आणि ती देवीसाठी. घट उचलून बघण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा बसला की दसऱ्यापर्यंत तो जागचा हलवायचा नाही. वडील बाहेरून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "मातीत किडामुंगी असतीच. देवीला काय ते नवं हाय का?" आईला तेवढं पुरलं. ती पुन्हा माळ ओवायला लागली आणि ओवता ओवता म्हणाली, "आन् म्या तर बारकी बारकी आठळीसुदिक निवडून काढली. तुझी काकू काढती व्हय? तिला तांदूळ निवडायचा कंटाळा, माती कुठली निवडती!"

मी उठलोच. गावरान बोराची आठळी बारकी आणि गोल असते. ॲपल बोराची लांबट असते, दोन्हीकडं टोक असलेली. काकूंनी माती निवडली नसेल, तर त्यांच्या घटात आठळी सापडेल.

काकूंच्या घरात मी कितीतरी महिन्यांनी शिरत होतो.

"कोण, कॉलेजवाले? वाट चुकला व्हय?" काकू म्हणाल्या.

"काकू, तुमचा घट बघू का? हात लावत नाही, नुसता बघतो."

मी गुडघ्यावर बसून वाकलो. माती ओली होती आणि दिव्याचा उजेड थोडाच होता.

"एवढं वाकून काय बघतोस? देवी दिसली का?"

"आठळी दिसली," मी म्हणालो. मडक्याच्या अंगाला ती अर्धी वर आली होती, लांबट आणि टोकदार. थोडं पलीकडं आणखी एक.

"बया! तुझ्या आईला सांगू नकोस हां. न्हायतर मला माती निवडाय शिकवंल."

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. काकूंच्या घटात बाग, आमच्या घटात बांध. माती मिसळलेली नव्हती. फक्त माझ्या प्रयोगाची मांडणी आता पडवीतून दोन देवघरांत गेली होती.

काकूंना मी सगळं सांगितलं. त्यांना कितपत कळलं माहीत नाही, पण माश्या उडून जाता कामा नयेत एवढं त्यांनी लगेच मनावर घेतलं. आम्ही काड्यांचा सांगाडा करून घटावर मच्छरदाणीचं कापड अलगद सोडलं, माळ घालायला एक बाजू मोकळी होईल असं. दिवा बाहेर ठेवला. काकू पाठीमागं सरकून बघत म्हणाल्या, "देवीला मच्छरदाणी! लई झकास." दर्शनाला येणाऱ्या बायकांनी विचारलं तर त्या सरळ सांगायच्या, "डेंगूची साथ हाय ना बाई." आईनंही मग आमच्या घटावर तसंच कापड बांधून घेतलं. काकूंकडं आहे आणि आपल्याकडं नाही, हे तिला चालणार नव्हतं.

चौथ्या माळेच्या सकाळी अंगणाच्या पलीकडून हाक आली, "अरं ये लवकर! तुझी माशी बाळंत झाली!"

कापडाच्या आतल्या बाजूला, कोवळ्या गव्हाच्या वर, ती बसली होती. घरातल्या माशीपेक्षा लहान, अंग पिवळसर, पंखांवर पट्टे. मी अशी माशी पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. आमच्याच मातीतून आलेली पहिल्यांदा बघत होतो. दुपारपर्यंत आणखी आल्या.

आता वेगळाच प्रश्न उभा राहिला. तपासणीसाठी माश्या स्पिरिटमध्ये ठेवायच्या असतात, म्हणजे माराव्या लागतात. दोन्ही जावांचं या एका गोष्टीवर एकमत झालं. घटातून आलेल्या जिवाला दसऱ्यापर्यंत मारायचं नाही. मी वाद घातला नाही. काकूंच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुऊन घेतल्या, तोंडाला कापड बांधलं, आत साखरेच्या पाण्याचा बोळा ठेवला. माश्या त्यात मजेत राहिल्या. काकू येता जाता बरणीत डोकावायच्या. "खाल्लं का गं?" असं त्यांना विचारायच्या.

आमच्या घटात मात्र काही नाही. गहू आईचा जास्त वर आला होता, हिरवागार, पण माशी एकही नव्हती. पहिल्या दिवशी माश्यांच्या नावानं घाबरलेली आई आता सकाळ-संध्याकाळ कापडाला नाक लावून बघायची.

"तिच्या घटाला आल्या. माझ्या घटाला का न्हाय?"

"आई, तुझ्यात बांधावरच्या आहेत. आपलं बोर उशिरा धरतं. त्याही उशिरा येणार, असं मला वाटतं."

"वाटतं म्हंजे? ठाव न्हाय तुला?"

"तेच तर बघायचंय."

तिनं कापडाची सैल झालेली बाजू खोचली. मग म्हणाली, "म्हंजे एकाच वावरातली माती, आन् त्या माश्या येकमेकीला भेटायच्याच न्हाईत?"

"वेळ चुकली तर नाही भेटणार."

"मग इतक्या जवळ ऱ्हाऊन काय उपेग?" असं म्हणून ती दिव्यात तेल घालायला गेली. ती माश्यांबद्दलच बोलत असावी. मी विचारलं नाही.

दसऱ्याला घट उठले. वडिलांनी गव्हाचे कोंब टोपीत खोवले. घटाची माती नेहमी वावरात परत टाकतात. आईनं यंदा ती टाकली नाही, त्याच धुतलेल्या घमेल्यात भरून वर कापड बांधून मला दिली. काकूंनी बरण्या दिल्या, पण मी स्पिरिटची बाटली काढली तेव्हा त्या आत निघून गेल्या.

कोजागिरी उलटली आणि आमच्या घमेल्यात माश्या आल्या. त्या दिवशी मी कॉलेजात होतो. मला फोन करण्याच्या आधी आईनं अंगण ओलांडून काकूंना बोलावून आणलं, हे मला नंतर वडिलांनी सांगितलं. दोघी बराच वेळ घमेल्यावर वाकून उभ्या होत्या म्हणे. काकूंनी निवाडा दिला, "माझ्या जरा गोऱ्या व्हत्या."

मॅडमना मी सगळं सांगितलं, घटासकट. त्या आधी खूप हसल्या, मग गंभीर झाल्या. "वेळेचा फरक दिसतोय, पण त्यावरून लगेच काही म्हणता येणार नाही. एका देवघरात ऊब जास्त असेल, दुसऱ्या घरात पाणी जास्त घातलं असेल. गहू कुणाचा जास्त आला होता?"

"आईचा."

"बघ. म्हणजे पाणी सारखं नव्हतं." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "पण माश्या मिसळलेल्या नाहीत, हे महत्त्वाचं. त्या मूळच्याच वेगळ्या होऊ लागल्यात का, ते प्रयोगशाळा सांगेल. तसं नसेल, तर मात्र तुला विषय बदलावा लागेल."

नमुने गेले. मग नुसती वाट बघणं. हे दिवस वाईट होते असं मला म्हणता येत नाही. मी घरी गेलो की दोन्ही घरांतून एकच प्रश्न यायचा, "माश्यांचं काय झालं?" जसा एखाद्याच्या निकालाबद्दल विचारतात तसा. वेळ अमावस्येला पिकाची पूजा करून रानातच जेवायला बसलो तेव्हा काकूंनी आंबिलीचं मडकं आमच्या शेजारी आणून ठेवलं. बागवान चाचा वाटेवरून जाता जाता थांबले, त्यांनाही बसवून घेतलं. ते म्हणाले, "मेरी बाग की माश्यां पास हुई क्या?" फार काही बदललं असा माझा दावा नाही. चुली अजून दोनच आहेत आणि पेटण्याच्या वेळाही त्याच. पण आता काकूंच्या कालवणाची वाटी कधी कधी अंगण ओलांडून येते, आणि ती वाटी आई रिकामी परत पाठवत नाही.

गावरान बोरं संपत आली तेव्हा मी शेळ्यांना पाला टाकत होतो. आमच्याकडं फोनला रेंज फक्त तुळशीजवळ मिळते, म्हणून फोन तिथंच कट्ट्यावर ठेवलेला असतो. तो वाजला. आई एका दारातून बाहेर आली, काकू दुसऱ्या दारातून. पलीकडून मॅडम होत्या. मी आवाज मोठा केला, म्हणजे दोघींना ऐकू जाईल.

"अहवाल आला. नीट ऐक. जात एकच आहे, दोन झालेल्या नाहीत. पण दोन्ही गट अगदी सारखेही नाहीत. फरक बारीक आहे, एवढ्याशा नमुन्यांवर छातीठोकपणे सांगता येत नाही, पण सोडून देण्यासारखाही नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. विषय बदलायचा नाही. उन्हाळ्यात तुला प्रयोगशाळेत बोलावलंय. आणि हे बघ, झाडांवर किडकी बोरं राहिली असतील तर आजच वेच, दोन्हीकडची, दोन वेगळ्या घमेल्यांत. आणि घरी सांग, की यंदा घटाला माती दुसरीकडून आणा."